म्हातारपणाच्या विज्ञानाला छोटी आणि झटपट ग्रँट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी वृद्धत्वाच्या जीवशास्त्रात काम करते. पीएचडीचे विद्यार्थी, नुकतीच स्वतःची प्रयोगशाळा थाटलेले सहकारी आणि अधूनमधून या कामाला पैसा द्यायची इच्छा असलेली माणसं मला छोट्या, झटपट मिळणाऱ्या ग्रँटबद्दल, म्हणजे संशोधनासाठीच्या अनुदानाबद्दल, तेच तेच प्रश्न विचारतात. प्रत्येकाला फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवावं, म्हणून हे पान.

दीर्घायुष्याचं विज्ञान म्हणजे अमर होण्याचा खटाटोप का?

नाही. कर्करोग, हृदयविकार, मोतीबिंदू, ठिसूळ हाडं, स्मृतिभ्रंश या सगळ्यांचा सर्वांत मोठा सामाईक धोका म्हणजे वय. आपण प्रत्येक आजाराशी वेगळं लढतो, पण त्यांच्या मुळाशी असलेल्या पेशींच्या झिजेकडे फार थोडे लोक बघतात. १९९३ साली अमेरिकी जीवशास्त्रज्ञ सिंथिया केन्यन यांनी दाखवलं, की सी. एलिगन्स या एक मिलिमीटरच्या कृमीच्या डॅफ-२ या एकाच जनुकात बदल केला, तर तो जवळजवळ दुप्पट जगतो, आणि जगतो तेही धडधाकट. म्हातारं होण्याचा वेग बदलता येतो, हे तेव्हापासून आपल्याला ठाऊक आहे. माणसाच्या बाबतीत प्रश्न एवढाच, की शेवटची दहा-पंधरा वर्षं अंथरुणात जाणार की अंगणात.

छोटी म्हणजे किती छोटी आणि झटपट म्हणजे किती झटपट?

या पद्धतीचं सर्वांत गाजलेलं उदाहरण कोविडच्या काळातलं आहे. एप्रिल २०२० मध्ये अर्थशास्त्रज्ञ टायलर कोवेन, उद्योजक पॅट्रिक कॉलिसन आणि जीवशास्त्रज्ञ पॅट्रिक शू यांनी अमेरिकेत फास्ट ग्रँट्स सुरू केल्या. अर्ज अर्ध्या तासात भरून व्हावा आणि निर्णय ४८ तासांत कळावा, असा त्यांचा दंडक होता. रक्कम १० हजार ते ५ लाख डॉलर. पुढे एकूण ५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम २६० पेक्षा जास्त प्रकल्पांना गेली. येल विद्यापीठाची लाळेवरून कोविड ओळखणारी स्वस्त चाचणी त्यांतलीच.

तोच साचा वृद्धत्वाच्या संशोधनासाठी वापरायचं मार्टिन बोर्क जेन्सन आणि लाडा नुझ्ना यांनी ठरवलं आणि सप्टेंबर २०२१ मध्ये इम्पेटस ग्रँट्स सुरू झाल्या. इथेही कमाल रक्कम ५ लाख डॉलर, म्हणजे आपल्याकडचे चार कोटींहून थोडे जास्त, आणि उत्तर तीन आठवड्यांत. भारतातल्या प्रयोगशाळेला हा आकडा छोटा वाटणार नाही. पण नव्या औषधाची एखादी मोठी चाचणी दहा-वीस कोटी डॉलर सहज खाते, त्या मानाने ही रक्कम किरकोळ आहे.

सरकार संशोधनाला पैसा देतंच की. मग वेगळी सोय कशाला?

देतं, आणि ते थांबता कामा नये. अमेरिकेतली नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन एजिंग ही संस्था १९७४ पासून याच विषयासाठी आहे. मात्र तिच्या पैशाचा मोठा भाग अल्झायमर आणि तत्सम स्मृतिभ्रंशांकडे जातो आणि मुळाशी असलेल्या जीवशास्त्राच्या वाट्याला त्यातला लहान तुकडा येतो. शिवाय सरकारी पैशाला वेळ लागतो. अर्ज, तज्ज्ञांची बैठक, गुणांकन, सल्लागार मंडळ, मग मंजुरी, यात नऊ महिने सहज निघून जातात. पहिल्यांदा नकार आला आणि दुरुस्त करून पुन्हा पाठवला, तर दीड-दोन वर्षं. तिथल्या संशोधकाला पहिली मोठी स्वतंत्र ग्रँट मिळते, तेव्हा सरासरीने त्याने चाळिशी ओलांडलेली असते.

खरी अडचण मात्र वेळेच्याही आधीची आहे. परीक्षक विचारतात, ‘प्राथमिक पुरावा कुठे आहे?’ तो पुरावा मिळवायलाच तर पैसा हवा असतो. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तशी ही गत. मग माणूस काय करतो? ज्याचं उत्तर जवळपास ठाऊक आहे, असाच प्रश्न लिहून पाठवतो. फास्ट ग्रँट्सच्या लोकांनी आपल्याकडून पैसा घेतलेल्या शास्त्रज्ञांना विचारलं होतं, की तुमचा नेहमीचा निधी हवा तसा वापरायची मुभा मिळाली, तर तुम्ही कामाची दिशा बदलाल का? ‘खूप बदलू’ असं ७८ टक्के लोक म्हणाले. ही नवखी मुलं नव्हती, नावाजलेल्या विद्यापीठांतली माणसं होती. निम्म्याहून अधिक जणांचा पावेक वेळ किंवा त्याहून जास्त नुसते अर्ज लिहिण्यात जात होता. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला, तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं.

अब्जाधीशांच्या कंपन्या आहेत ना या क्षेत्रात?

आहेत. गूगलने २०१३ मध्ये कॅलिको काढली आणि २०२२ मध्ये आल्टोस लॅब्ज ३०० कोटी डॉलर घेऊन उतरली. पण कंपनीचा पैसा कंपनीच्या भिंतींच्या आत राहतो. विद्यापीठात बसलेल्या, वेगळंच काही सुचलेल्या एकट्या संशोधकापर्यंत तो पोचत नाही. आणि जे कळेल ते सगळं प्रसिद्ध करण्याचं बंधनही कंपनीवर नसतं.

एवढ्याशा पैशात होतं तरी काय?

पहिला प्रयोग होतो. कृमी दोन-तीन आठवडे जगतो, म्हणून एका सत्रात आयुर्मानाचे अनेक प्रयोग उरकता येतात. आफ्रिकेतल्या पावसाळी डबक्यांत वाढणारा किलीफिश हा छोटा मासा प्रयोगशाळेत चार-सहा महिन्यांत म्हातारा होतो, त्यामुळे पाठीचा कणा असलेल्या प्राण्यावर वर्षभरात उत्तर मिळतं. उंदीर मात्र अडीच वर्षं जगतो आणि तेवढे दिवस त्याचा पिंजरा, चारा, सफाई, पशुवैद्य सगळं चालू ठेवावं लागतं. म्हणून हुशार माणसं म्हातारे उंदीर पाळत बसत नाहीत, दुसऱ्याच्या प्रयोगातून उरलेले मिळवतात. कुणी दहा वर्षांपूर्वी शीतपेटीत ठेवलेले रक्ताचे नमुने नव्या चाचणीने तपासतात. कुणी आधीच चाललेल्या चाचणीत एक जास्तीचं मोजमाप बसवतात. अशा कामाला चार-पाच वर्षांची ग्रँट लागत नाही. महिनाभरात मिळणारे वीस-तीस लाख रुपये लागतात आणि नेमके तेच कुणी देत नाही.

या विषयात वाट बघण्याची किंमत दुप्पट असते, कारण प्रयोगाचं साहित्यच म्हातारं होत असतं. माझ्या एका प्रयोगासाठी १८ महिन्यांचे उंदीर हवे होते. ते होते, प्रस्तावही मंजूर झाला होता. पैसा खात्यात पडेपर्यंत ते २५ महिन्यांचे झाले आणि त्यांतले बरेच मेले. ज्या संस्थेकडून उशीर झाला तिथल्या कुणाचीही वाईट इच्छा नव्हती. फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात होती, इतकंच. उरलेल्या उंदरांवर तो प्रयोग करण्यात अर्थ नव्हता, म्हणून आम्ही तो केला नाही. त्या प्रश्नाचं उत्तर आजही माझ्याकडे नाही.

अशी एखादी कल्पना सांगा, जी वेळेवर थोडासा आधार मिळता तर लवकर पुढे आली असती.

रॅपामायसिन. ही गोष्ट मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगते.

१९६४ च्या अखेरीस कॅनडाचं एक वैद्यकीय पथक पॅसिफिक महासागरातल्या रापा नुई, म्हणजे ईस्टर बेटावर गेलं. तिथल्या मातीचे नमुने माँट्रियलच्या आयर्स्ट या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत आले. त्या मातीतल्या एका जिवाणूपासून सुरेंद्रनाथ सेहगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बुरशी मारणारं एक संयुग वेगळं केलं आणि बेटाच्या नावावरून त्याला रॅपामायसिन म्हटलं. सेहगल अविभाजित पंजाबात जन्मलेले. हे संयुग बुरशी मारण्यापलीकडे बरंच काही करतं, हे त्यांना दिसत होतं. पण १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीने माँट्रियलची ती प्रयोगशाळा बंद केली आणि रॅपामायसिनचं काम थांबवलं. सेहगल यांनी जिवाणूची शेवटची वाढ केली, कुप्या नीट बांधल्या आणि न्यू जर्सीला बिऱ्हाड हलवताना स्वतःबरोबर नेऊन घरच्या फ्रीजरमध्ये ठेवल्या. काही वर्षांनी कंपनीचं विलीनीकरण झालं, व्यवस्थापन बदललं, तेव्हा त्यांनी नव्या साहेबांना गाठून काम पुन्हा सुरू करून घेतलं. १९९९ मध्ये मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणानंतर देण्याचं औषध म्हणून त्याला मान्यता मिळाली.

वृद्धत्वाशी त्याचा संबंध पुढचा. अमेरिकेत इंटरव्हेन्शन्स टेस्टिंग प्रोग्रॅम नावाचा सरकारी उपक्रम आहे. मेन राज्यातली जॅक्सन लॅबोरेटरी, मिशिगन विद्यापीठ आणि सॅन अँटोनिओचं टेक्सास विद्यापीठ अशा तीन ठिकाणी एकच प्रयोग एकाच वेळी होतो, म्हणजे एका जागेच्या योगायोगावर निकाल ठरत नाही. तिथे रॅपामायसिन द्यायचं ठरलं, पण ते उंदरांच्या खाद्यात टिकेना. त्याला आवरण चढवायची युक्ती सापडेपर्यंत उंदीर ६०० दिवसांचे झाले, माणसाच्या हिशेबात साधारण साठीचे. तरीही प्रयोग केला आणि २००९ मध्ये निकाल आला. ९० टक्के उंदीर मरेपर्यंतचं वय हा निकष लावला, तर माद्यांचं आयुष्य १४ टक्के आणि नरांचं ९ टक्के वाढलं होतं. सस्तन प्राण्यात उतारवयात औषध सुरू करूनही आयुष्य वाढतं, याचा हा पहिला भक्कम पुरावा.

यातला योगायोग बाजूला ठेवा आणि त्या फ्रीजरमधल्या वर्षांकडे बघा. रॅपामायसिनचं अख्खं भवितव्य एका माणसाच्या हट्टावर आणि घरच्या विजेच्या बिलावर तगून होतं. त्या काळात एखाद्या विद्यापीठातल्या दोन माणसांना दोन वर्षांचा पगार मिळता, तर ती वर्षं वाया गेली नसती, असं मला मनापासून वाटतं.

घाईत भलत्याच माणसाला पैसा गेला तर?

थोडा जाईलच. पण निर्णय लवकर झाला म्हणजे तपासणी झाली नाही, असं नाही. संथ पद्धतीत परीक्षकाचं प्रत्यक्ष वाचन काही तासांचंच असतं. बाकीचे महिने बैठकीची तारीख, सह्या आणि टपाल यांत जातात. तीन आठवड्यांची पद्धत वाचन ठेवते आणि मधली प्रतीक्षा काढून टाकते. परीक्षकांना प्रश्नही निराळा विचारला जातो: हे जमलं, तर या क्षेत्रात काही बदलेल का? सगळ्यांना थोडाफार आवडलेल्या प्रस्तावापेक्षा एका जाणकाराला प्रचंड आवडलेला आणि दुसऱ्याला न पटलेला प्रस्ताव इथे पुढे जाऊ शकतो.

जोखीम आणखी एका ठिकाणी आहे आणि तिच्याबद्दल कमी बोललं जातं. परीक्षक मोजके असले, की ओळखीच्या लोकांनाच पैसा जायचा धोका वाढतो. त्यावर उपाय म्हणजे कुणाला किती दिले आणि कशासाठी दिले, हे नावानिशी जाहीर करणं. जो निधी हे करत नाही, त्याच्याकडे अर्ज करण्याआधी मी दोनदा विचार करेन.

अर्जात काय लिहावं?

दोन-तीन पानं पुरतात, पण ती लिहायला वीस पानांपेक्षा जास्त डोकं लागतं. पहिल्याच परिच्छेदात प्रश्न यावा. जगाची लोकसंख्या कशी म्हातारी होते आहे, ही प्रस्तावना परीक्षकाने शंभर वेळा वाचलेली असते.

मग लिहा, की कुठला निकाल आला तर तुम्ही ही कल्पना सोडून द्याल. हे वाक्य लिहायला जड जातं आणि परीक्षक नेमकं तेच शोधत असतो.

आयुर्मानाचा प्रयोग असेल, तर तीन गोष्टी चुकवू नका. पहिली, औषध न दिलेला गट पुरेसा जगतो का? प्रयोगशाळेतला निरोगी उंदीर साधारण ९०० दिवस जगायला हवा. तुलनेचा गटच ७०० दिवसांत मरत असेल, तर तुमच्या औषधाने आयुष्य वाढवलं नाही, वाईट देखभालीचं नुकसान भरून काढलं. दुसरी, प्राण्यांचं वजन आणि खाणं. औषध कडू असलं, की प्राणी कमी खातात, आणि कमी खाल्ल्यानेच उंदीर जास्त जगतात, हे १९३० च्या दशकापासून माहीत आहे. तिसरी, नर आणि मादी दोन्ही घ्या. वर सांगितलेल्या तीन ठिकाणच्या प्रयोगांत १७-अल्फा-इस्ट्राडायोल आणि कॅनाग्लिफ्लोझिन या संयुगांनी नरांचं आयुष्य वाढवलं, माद्यांचं नाही.

अंदाजपत्रक खरं लिहा. कापलं जाईल या भीतीने फुगवायची सवय आपल्याला सरकारी अर्जांनी लावली आहे, पण छोट्या निधीत फुगवटा लगेच दिसतो.

प्रयोग फसला तर पैसे परत करावे लागतात का?

नाही. पण निकाल दडवायचा नाही, हे बंधन स्वतःहून पाळायचं. या विषयात नकारार्थी निकालांनी लोकांचे किती पैसे वाचवले असतील याची कल्पना करा. रेड वाईनमधल्या रेसव्हेरॅट्रॉलचा एके काळी केवढा गाजावाजा होता. तीन ठिकाणच्या त्या चाचणीत सर्वसाधारण उंदरांचं आयुष्य त्याने वाढलं नाही. ग्रीन टीच्या अर्कानेही नाही. आणि करक्युमिननेही नाही, म्हणजे आपल्या हळदीतल्या पिवळ्या घटकाने. मी सांगली भागातली आहे, हळदीच्या वासात वाढले, त्यामुळे हा निकाल वाचताना मला थोडं लागलं. भाजीत हळद घालणं मी सोडलेलं नाही. मात्र आयुष्य वाढवणारी म्हणून हळदीच्या गोळ्या विकणाऱ्याला मी तो निकाल दाखवते.

संस्था आपला वाटा कापून घेते, त्याचं काय?

अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठांत सरकारी ग्रँटवर वीज, इमारत, कार्यालय यांसाठी मूळ खर्चाच्या पन्नास-साठ टक्क्यांपर्यंत वेगळी आकारणी होते. छोटे निधी बहुधा ही टक्केवारी फार खाली बांधून देतात. अर्ज करण्याआधी आपल्या लेखा विभागाला हे मान्य आहे का, हे विचारा. मंजुरी तीन आठवड्यांत आणि करारावरच्या सह्या पाच महिन्यांत, असं व्हायला नको.

भारतातून अर्ज करता येतो का?

अनेक निधींना अर्जदार कुठल्या देशातला आहे याने फरक पडत नाही. आपल्याकडचे नियम मात्र आधी समजून घ्या. परदेशी पैसा घ्यायला संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. कायद्याने स्थापन झालेल्या काही सरकारी संस्थांना त्यातून सूट आहे. परदेशी सहकार्याने होणाऱ्या आरोग्य संशोधनाला आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेमार्फत आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी घ्यावी लागते. प्राणी असतील तर संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची परवानगी, माणसं असतील तर नीतिमत्ता समिती आणि चाचणी असेल तर सीटीआरआय या देशाच्या चाचणी नोंदवहीत नोंद. यांतलं काहीही वगळू नका. पण ग्रँटचा निकाल येईपर्यंत थांबूही नका, परवानग्यांचे अर्ज आधीच टाका.

देशातले मार्गही आहेत. कल्पना उत्पादनाकडे झुकणारी असेल, तर बायरॅक या केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान संस्थेची बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रँट ५० लाख रुपयांपर्यंत देते, मुदत १८ महिन्यांपर्यंत. पुण्यात एनसीएल, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातलं व्हेंचर सेंटर त्यासाठी मदत करतं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत (आयआयएससी) २०२४ पासून लाँजेव्हिटी इंडिया हा उपक्रम चालू आहे. झोमॅटोचे संस्थापक दीपिंदर गोयल यांनी २०२५ मध्ये याच विषयाच्या अगदी सुरुवातीच्या संशोधनासाठी २.५ कोटी डॉलर स्वतःच्या खिशातून देण्याचं जाहीर केलं. गुरुत्वाकर्षणामुळे मेंदूला रक्त कमी पोचतं आणि म्हातारपण लवकर येतं, हे त्यांनी मांडलेलं गृहीतक अनेक शास्त्रज्ञांना पटलेलं नाही, आणि माझंही मत तेच आहे. पण देणगीदाराचं लाडकं गृहीतक आणि त्याचा निधी या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता आल्या, तर अशा पैशाचं स्वागतच आहे.

आणि आपल्याकडे एक खजिना पडून आहे. मुंबईत देवनारला असलेल्या आयआयपीएस या लोकसंख्याशास्त्राच्या संस्थेने लासी या वाढत्या वयाच्या पाहणीत ४५ वर्षांवरच्या ७२ हजारांहून अधिक भारतीयांची माहिती गोळा केली आहे: पकडीची ताकद, चालण्याचा वेग, स्मरणशक्ती, रक्तदाब. माहितीवर आधारलेल्या चांगल्या प्रश्नाला एक संगणक, एक हुशार विद्यार्थी आणि वर्षभराचं विद्यावेतन पुरतं. म्हातारपणाचे बहुतेक मापदंड युरोप-अमेरिकेतल्या माणसांवरून बसवलेले आहेत. ते खानदेशातल्या शेतमजूर बाईला लागू होतात का, हे तपासायला कोपनहेगनहून कुणी येणार नाही.

पैसा देणाऱ्याला काय मिळतं?

देणगी असेल, तर फक्त समाधान. इम्पेटससारख्या ग्रँटमध्ये मालकी हक्क मागितला जात नाही. काही ठिकाणी मॉडेल वेगळं आहे. २०२१ मध्ये सुरू झालेला विटाडाओ हा गट डिजिटल टोकन घेतलेल्या सभासदांच्या मताने प्रकल्प निवडतो आणि बौद्धिक संपदेत वाटा घेतो. त्यांचा पहिला प्रकल्प कोपनहेगन विद्यापीठातला होता. २०२३ मध्ये फायझरच्या गुंतवणूक शाखेनेही त्यात पैसा घातला. सही करण्याआधी आपल्या संस्थेच्या पेटंट विभागाला करार दाखवा.

यातून निघालेली औषधं श्रीमंतांनाच मिळतील ना?

आतापर्यंतचे बरेच आशादायक उमेदवार जुने आणि स्वस्त आहेत. रॅपामायसिनचं पेटंट संपलेलं आहे. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध आपल्याकडे गल्लीतल्या मेडिकलमध्ये काही रुपयांत मिळतं. अडचण उलटी आहे. स्वस्त औषधात कंपनीला नफा नाही, म्हणून चाचणीला पैसा मिळत नाही. न्यूयॉर्कचे नीर बर्झिलाय मेटफॉर्मिनची ३ हजार ज्येष्ठांवरची टेम ही चाचणी २०१५ च्या आसपासपासून मांडत आहेत आणि ती पैशापायीच वर्षानुवर्षं अडकून राहिली. अशी चाचणी छोट्या ग्रँटच्या आवाक्यातली नाही, तिथे सरकारच हवं. पण ती करण्याजोगी आहे की नाही, हे ठरवणारा आधीचा छोटा प्रयोग आवाक्यात असतो.

मी विद्यार्थी आहे. माझ्याकडे प्रयोगशाळा नाही, फक्त कल्पना आहे.

ज्यांच्याकडे प्राणी किंवा नमुने आहेत, त्यांना एक पानाची ईमेल लिहा. स्वतःचं कौतुक नको, प्रश्न लिहा आणि त्यांच्याकडचं काय हवं ते नेमकं सांगा. शिवाय त्या तीन ठिकाणच्या अमेरिकी चाचणीला संयुग सुचवण्याची मुभा बाहेरच्या कुणालाही आहे. दरवर्षी सूचना मागवतात, आणि निवड झाली तर प्रयोग तेच करतात.

हे सगळं वाचून माझ्या वडिलांना रॅपामायसिन सुरू करू का?

नको. ते रोगप्रतिकार दाबणारं औषध आहे. तोंड येतं, रक्तातली साखर आणि चरबी वाढू शकते, संसर्ग बळावू शकतो. निरोगी ज्येष्ठांना किती, किती दिवसांनी आणि कुणाला द्यावं, यावर अजून लहान चाचण्या चालू आहेत. वडिलांना रोज चालायला न्या, रक्तदाब तपासत राहा आणि ऐकू कमी येत असेल तर कानाचं यंत्र आणा. निवड, मुदत किंवा परवानग्यांबद्दल इथे न आलेला प्रश्न असेल, तर जरूर विचारा. मी या पानात भर घालत राहीन.